स्वयंपाकघरात बंद पडणारी गाणी

मामाजी अकोल्याहून आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा त्यांच्यासोबत कपड्यांची एक छोटी पिशवी होती आणि कॅसेटींनी भरलेली एक मोठी पत्र्याची पेटी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या विदर्भाकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. माझा नवरा रेल्वेत, रुळांच्या देखभालीच्या खात्यात. बदल्या होत होत आम्ही जयपूरला पोचलो होतो आणि दुर्गापुऱ्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा घरात राहत होतो. सासूबाई गेल्यावर मामाजींना एकटं ठेवायचं नाही हे आमचं ठरलं होतं. पेटीला ठेवायचं की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं. ती रिक्षातून उतरवताना रिक्षावाल्याने विचारलं, "बाबूजी, इसमें ईंटें हैं क्या?"

विटा नव्हत्या, भीमगीतं होती. दुकानात विकत मिळणारी नव्हेत. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा इथल्या वस्त्यांमध्ये जयंतीला, लग्नाला, नामकरणाला ज्या गायन पार्ट्या गायच्या, त्यांची मामाजींनी स्वतः भरलेली. मंडपाच्या कर्ण्याखाली टेपरेकॉर्डर धरून ते तरुणपणी उभे राहायचे. त्यामुळे प्रत्येक गाण्यात गाण्याबरोबर बरंच काही होतं: भुंकणारी कुत्री, रडणारी पोरं, मध्येच "माइकजवळ गर्दी करू नका" असं ओरडणारा कुणीतरी, आणि अगदी जवळून ऐकू येणारा मामाजींचा स्वतःचा खोकला.

माझं काम घरी बसून करायचं. दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअरं चालवून त्यांतल्या चुका शोधायच्या आणि त्यांना कळवायच्या. तेव्हा या कॅसेटींचं काय करायचं हे मलाच सुचायला हवं होतं आणि सुचलंही. एका हिवाळ्यात रोज दुपारी गच्चीवरच्या उन्हात बसून मी आणि मामाजींनी सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या. मग साबणाच्या डबीएवढा एक छोटा संगणक आणून मी तो हॉलमधल्या कपाटात ठेवला, त्याला गाण्यांची डिस्क जोडली, आणि हॉल, स्वयंपाकघर आणि मामाजींची खोली अशा तीन ठिकाणी स्पीकर बसवले. फोनवर गाणं निवडायचं, खोली निवडायची, की गाणं त्या खोलीत वाजायला लागायचं. मामाजींना याची इतकी मजा वाटली की पहिल्या आठवड्यात ते आपल्या खोलीत बसून माझ्या स्वयंपाकघरात गाणी लावत आणि मी दचकले का हे बघायला येत.

गाण्यांना नावं देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका बोटाने मराठी टाइप करायला ते शिकले आणि एकेका गाण्याचं नाव लिहायला अर्धी दुपार लावू लागले. मी त्यात लक्ष घातलं नाही. म्हातारा माणूस रमलाय, रमू दे, असं मला वाटलं.

घोटाळा सुरू झाला तो होळीच्या आसपास. मी पोळ्या करत होते, मामाजींना म्हटलं एखादं गाणं लावा. त्यांनी लावलं. स्पीकरमधून गाण्याच्या आधीची ती ओळखीची खरखर यायला हवी होती, ती आलीच नाही. कपाटात बघितलं तर डबीवरचा दिवा लाल. थोड्या वेळाने तो आपोआप हिरवा झाला. पुन्हा गाणं लावलं, पुन्हा लाल. हॉलमध्ये तेच गाणं लावलं तर सुरेख वाजलं, कुत्र्यांसकट.

पुढचे कितीतरी दिवस हेच. हॉलमध्ये गाणी बहुतेक वाजायची. मामाजींच्या खोलीत काही वाजायची, काहींना यंत्र आडवं व्हायचं. आणि स्वयंपाकघरात तर दर थोड्या वेळाने लाल दिवा. त्यामुळे सगळ्यांचा संशय स्वयंपाकघरावर, म्हणजे पर्यायाने माझ्यावर आला.

नवरा म्हणाला, व्होल्टेजचा प्रश्न आहे, मिक्सर लावलास की पडत असणार. मी मिक्सर लावणं बंद केलं. चटणी खलबत्त्यात कुटायला लागले, त्यात हात दुखला आणि यंत्र तरीही पडलंच. मग त्याने मायक्रोवेव्हकडे बोट दाखवलं. मायक्रोवेव्ह उचलून बाल्कनीत नेला. तिथे कबुतरांनी त्याच्यावर संसार मांडायला घेतला तेव्हा तो परत आणला. इंटरनेटवाला भैया आला, त्याने छताकडे बघून "ऊपर से है" असं सांगितलं आणि गेला. वर कोण, हे त्याने सांगितलं नाही. मामाजींचं स्वतःचं मत असं होतं की यंत्राला कुकरची शिट्टी सहन होत नाही. त्यांनी मला वरण उघड्या पातेल्यात शिजवायला सांगून बघितलं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, ती म्हणाली, "मम्मी, मतलब तू दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधते, आणि घरचा एक नाही सापडत?"

हे मला लागलं. पण तिच्या बोलण्यात एक गोष्ट नकळत आली होती: मी या प्रकरणाकडे घरातल्या बाईसारखी बघत होते, ऑफिसातल्यासारखी नाही. ऑफिसात मी कधीही चटणी कुटत बसले नसते. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते बघायचं, एवढंच तर माझं काम.

एका रविवारी सकाळी मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. आधी मुलीचं एक इंग्रजी गाणं लावलं. ते वाजायला लागल्यावर मिक्सर रिकामाच फिरवला. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी ठेवून तो चालू केला. कुकर आधीच चढवला होता, त्याने वेळेवर शिट्टी दिली. नवऱ्याला गीझर चालू करायला पाठवलं. एवढ्या गोंगाटात ते गाणं आपलं शांतपणे वाजत राहिलं. मग मी सगळं बंद केलं. घर अगदी गप्प झालं. मामाजींचं एक गाणं लावलं आणि दिवा लाल.

मला आनंद झाला. कारण कळलं नव्हतं, पण निदान खलबत्ता सुटला होता. मी मोठ्याने म्हणाले की बघा, स्वयंपाकघराचा दोष नाही, दोष मामाजींच्या गाण्यांत आहे.

बोलून गेले आणि मामाजींचा चेहरा बघितला. ते उठून आपल्या खोलीत गेले. जेवायलाही जरा उशिराच आले. नवऱ्याने समजूत घालायचा प्रयत्न केला तेव्हा ताटावरून मान वर न करता ते म्हणाले, "आमचे गाणे बंद पाडनारे मी लय पाह्यले. कोनी वायर कापे, कोनी मंडपाची लाइट घालवे. मले वाटलं होतं मशीनले तं काही माहीत नसन."

ते हसत होते म्हटलं तरी चालेल, पण पूर्ण हसत नव्हते. मुलगी आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिली. तिला या गोष्टी आम्ही कधी नीट सांगितल्याच नव्हत्या. तिने आजोबांना विचारलं की वायर कोणी कापली होती, आणि त्या दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मूर्तिजापूरजवळच्या एका गावातली जयंतीची हकीकत पहिल्यांदा सांगितली गेली: कर्णा बंद पडल्यावर पार्टीतले सगळे जण कसे बाजेवर उभे राहिले, माइकशिवाय गायले, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. त्या गाण्याची कॅसेटही पेटीत होती. ते आमच्याकडे तिन्ही खोल्यांत बंद पडत होतं.

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले. प्रत्येक यंत्र पडताना आपण कशामुळे पडलो हे कुठेतरी लिहून ठेवत असतं. इतके दिवस मी ते वाचलं नव्हतं, कारण मला आधीच माहीत होतं की दोष मिक्सरचा आहे. आता वाचलं. इंग्रजीत सरळ तक्रार होती: नाव फार लांब आहे.

मी गाण्यांची यादी उघडली. आतापर्यंत फोनवर मला प्रत्येक नावाचे पहिले दोन-तीन शब्दच दिसत आले होते. पूर्ण नाव पहिल्यांदाच बघत होते. मामाजींनी गाण्याचे बोल लिहिले होते, मग गायकाचं नाव, त्याच्या गावाचं नाव, हार्मोनियमवर कोण, ढोलकीवर कोण, कोरसमध्ये कोण कोण, कोणाच्या लग्नात किंवा कोणत्या वस्तीच्या जयंतीत, आणि त्या दिवशी पाऊस होता की लाइट गेली होती. एकेक नाव म्हणजे एकेक परिच्छेद.

याचं कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते इथे उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मामाजींनी जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. कुठून आली, कुठे जाणार, कोणत्या मार्गाने, कोणत्या फलाटावर, हे सगळं सांगितल्याशिवाय गाडीचं नाव पूर्ण होत नाही अशी त्यांची धारणा. रेकॉर्ड केलेल्या घोषणा आल्या तेव्हा ते निवृत्तीला आले होते आणि त्या आवाजाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. ती बाई श्वासच घेत नाही, असं ते म्हणत.

बाकीचा उलगडा मग लगेच झाला. गाणं वाजवण्याआधी आमचं यंत्र त्याची एक तात्पुरती प्रत काढायचं आणि तिला नाव द्यायचं: गाण्याचं पूर्ण नाव, त्यापुढे खोलीचं नाव. डिस्कवर लांब नाव चालायचं, या प्रतीच्या नावाला मात्र जागा ठरलेली. खोल्यांची नावं मीच मराठीत लिहिली होती. 'हॉल' लहान, मावायचा. 'मामाजी' जरा मोठं. 'स्वयंपाकघर' लावलं की जागा संपायची आणि यंत्र हात टेकायचं. मी हे वाचून एकटीच हसायला लागले. मायक्रोवेव्ह, कुकर आणि छतावरचं ते जे कोण होतं ते, सगळे निर्दोष होते.

मामाजींना बोलावलं, शेजारी बसवलं आणि समजावून सांगितलं. सर्वांत अवघड भाग होता तो अक्षरांचा. इंग्रजीचं एक अक्षर या यंत्राच्या हिशेबात एक जागा घेतं, पण आपल्या लिपीतलं तीन घेतं. काना, मात्रा, वेलांटी सगळ्यांना वेगळ्या तीन-तीन जागा.

मामाजींनी थोडा विचार केला. "म्हंजे आपली एक वेलांटी तीन शीटा धरते?"

मी हो म्हटलं.

"मंग डबा लहान हाये. वेलांटीचा काय दोष?"

सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर असलेलं ते सावट गेलं होतं. यंत्राला त्यांच्या गाण्यांबद्दल काही माहीत नव्हतं, हे त्यांना पटलं होतं. संध्याकाळी त्यांनी ते फोनवरून अकोल्याच्या आपल्या मित्राला सांगितलं, वेलांटीच्या शिटांसकट.

मी आधी सोपा उपाय केला. खोल्यांची नावं एकेका अक्षराची केली. बरीच गाणी वाजायला लागली. पण जी खरी लांबलचक होती ती पडतच राहिली, आणि त्यांत ते बाजेवर उभं राहून गायलेलं गाणं होतं. जयंती जवळ आली होती. जयपूरमधली आमच्या ओळखीची सगळी मराठी कुटुंबं, बरीचशी रेल्वेतली आणि एक-दोन फौजेतली, त्या दिवशी आमच्या गच्चीवर जमणार होती, आणि मामाजींनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की गाणी आपल्याकडची असतील.

मी म्हटलं, नावं लहान करू. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, फक्त बोल आणि गायक ठेवू, बाकीचं दुसरीकडे लिहून ठेवू. ते पुन्हा नाही म्हणाले. मग नवऱ्याने मध्ये पडून सुचवलं की निदान ढोलकीवाले आणि कोरसवाले तरी काढावेत. मामाजी त्याच्याकडे वळले.

"गानाऱ्याचं नाव तं कोनीबी सांगते," ते म्हणाले. "ढोलकीवाल्याचं मी नाई सांगतलं तं कोन सांगन?"

नवऱ्याने सूचना मागे घेतली. त्याचे दोन काका कोरसमध्ये होते.

दोन दिवस गोष्ट तिथेच अडून राहिली. मामाजी सकाळी फिरायला जात ते स्टेशनवर जाऊन बसत आणि उशिरा येत. तिसऱ्या दिवशी ते परत आले, मी ऑफिसच्या मीटिंगला बसायच्या तयारीत होते, आणि त्यांनी माझ्या कानावरच्या हेडफोनकडे, त्याच्या पुढे आलेल्या माइकच्या दांडीकडे बोट दाखवून विचारलं की यात बोललेलं साठवून ठेवता येतं का. येतं म्हटलं. मग म्हणाले, "लिहून मावत नसन तं बोलून सांगतो. नाव लहान कर."

अशी ती सुरुवात झाली. मी फाइलींची नावं गाण्याच्या पहिल्या ओळीवर आणली आणि प्रत्येक गाण्याआधी मामाजींच्या आवाजातली घोषणा जोडायची ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिडकी बंद करून घेतली. घसा साफ केला. आणि "यात्रीगण कृपया ध्यान दें" म्हणून सुरुवात केली. ते तोंडातून गेल्यावर स्वतःच थांबले. मी हसू आवरत पुन्हा घ्यायला सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. शेवटी मी म्हटलं, राहू द्या, इथे आहेत ते यात्रीगणच आहेत. पण त्यांना ते पटलं नाही. घोषणा चुकीची जाता कामा नये. त्यांनी पाणी प्यायलं आणि तिसऱ्यांदा थेट गाण्यापासून सुरुवात केली.

मला त्यांचा तो आवाज माहीतच नव्हता. घरी ते वऱ्हाडी बोलत, अर्धं वाक्य गिळत. माइकसमोर मात्र प्रत्येक नाव वेगळं, स्वच्छ, दोन नावांमध्ये श्वासापुरती जागा. ढोलकीवाल्याचं नाव ते जराशा वरच्या पट्टीत घेत. मुलगी कॉलेजातून आली की दाराशी उभी राहून ऐकायची. एकदा तिने विचारलं, "आजोबा, हे सगळे लोक तुम्ही खरंच ओळखत होते?" त्यावर त्यांनी एकेकाचं घर कुठल्या गल्लीत होतं ते सांगितलं, आणि त्या दिवशी एकाही गाण्याची घोषणा झाली नाही.

जयंतीच्या संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या टाकल्या, हॉलमधला स्पीकर आणि कपाटातली डबी वर आणून ठेवली. ऊन उतरलं होतं तरी फरशी गरम होती, म्हणून आधी पाणी मारलं. बुद्धवंदना झाली, खीर वाटली, आणि मी फोन मामाजींच्या हातात दिला. पहिलं गाणं त्यांनी बाजेवरचं निवडलं. दिवा हिरवाच राहिला. आधी घोषणा झाली, मग तो खरखरीत, माइकशिवायचा आवाज, मागे कुत्री. मी सगळ्यांकडे बघत होते. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड उचलायला आलेल्या भाभीजी पापड हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

गाणी एकामागून एक वाजत गेली. पाचव्या की सहाव्या गाण्याच्या घोषणेत मामाजींच्या आवाजाने ढोलकीवाल्याचं नाव घेतलं आणि सतरंजीच्या मागच्या टोकाला बसलेल्या एक मावशी उभ्या राहिल्या. त्या शास्त्रीनगरला मुलाकडे राहतात, मुलगा रेल्वेत. मूळच्या बडनेऱ्याच्या, हे आम्हाला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

"भाऊ, हे चुकलं," त्या म्हणाल्या. "ढोलकी त्यानं नाई वाजवली. त्याच्या धाकट्या भावानं वाजवली. मी त्या मंडपात भात वाढत होती."

मी मामाजींच्या हातातला फोन घेऊन गाणं थांबवलं. जन्मभरात त्यांच्या घोषणेला असं भर गर्दीत कुणी चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, कशावरून? मावशींनी सांगितलं की मोठ्याचा हात त्या दिवशी भाजला होता, त्यांच्याच चुलीवर. मामाजी म्हणाले, भाजला तो पुढच्या वर्षी. मावशी म्हणाल्या, पुढच्या वर्षी त्या बाळंतीण होत्या आणि मंडपात आल्याच नव्हत्या. लोक दोन्हीकडे माना वळवत राहिले. माझा नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला की आता यंत्र पडलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी गाणं पुन्हा लावलं. दोघंही डोळे मिटून ढोलकी ऐकत होते. कडव्यानंतर एक उलटा ठेका आला आणि मामाजींनी डोळे उघडले.

"धाकटाच हाये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशी मुलाबरोबर घरी आल्या. मामाजींनी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि दुरुस्त घोषणा त्यांच्यासमोर केली. मग त्यांनी विचारलं, आणखी कुठे चूक असेल तर ऐकून सांगाल का? त्या सांगते म्हणाल्या. तेव्हापासून त्या दर आठवड्याला येतात, येताना ठेचा आणतात, आणि दोघं मिळून गाणी तपासतात. माझा हेडफोन त्यांच्याकडे असतो; मी मीटिंगला फोनवरून बसते आणि मागून वऱ्हाडीत चाललेल्या वादाबद्दल ऑफिसात कुणी विचारलं तर घरात काम चालू आहे एवढंच सांगते.

यंत्र त्यानंतर पडलेलं नाही. एका गाण्यावर मात्र त्या दोघांचं अजून जमलेलं नाही. कोरसमधला एक बारीक, उंच आवाज कुणाचा यावर दोन नावं आहेत आणि दोघंही मागे हटायला तयार नाहीत. म्हणून ते गाणं सध्या घोषणेशिवाय वाजतं. तो आवाज आला की मामाजी खिडकीबाहेर बघतात, मावशी ठेच्याच्या डब्याचं झाकण लावतात, आणि दोघांचे हात मांडीवर एकाच ठेक्यात पडत असतात.